तुटलेलं दाखवा, मग सोल्युशन

नागपुरात गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती परत पाठवण्याबद्दल कधी कुणाचा सत्कार करायचा ठरला, तर नारळ आणि शाल माझ्या बायकोच्या आत्याबाईंनाच द्यावी लागेल, आणि तीही दरवर्षी. बेसा भागात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, स्क्रू, नळाच्या तोट्या, रंगाचे डबे, ब्रश आणि एका कोपऱ्यात शाळेच्या वह्या-पेन्सिली, असा सगळा माल तिथे आहे. दुकानदार माल विकायला बसतो असा आपला एक भाबडा समज असतो. आत्याबाई माल राखायला बसतात. गिऱ्हाईक पायरी चढलं, की त्या चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "कोणाचा गा तू?" हा प्रश्न त्या साठीच्या माणसालाही विचारतात. मग गाव, आडनाव, राहायला कुठे, आई काय म्हणते, बहिणीचं जमलं का, असं करत करत गाडी शेवटी स्क्रूवर येते. तोवर माणसाला स्क्रू कोणत्या मापाचा हवा होता याचा विसर पडलेला असतो. तरीही दुकानात माणसं सदा दाटलेली, कारण एवढ्या आस्थेने आपली विचारपूस हल्ली नातेवाईकही करत नाहीत. आत्या त्या माझ्या बायकोच्या, पण आज सगळी वस्ती त्यांना आत्याच म्हणते.

आत्याबाई विणकर घरातल्या. माहेरी हातमाग, सासरीही हातमाग. माग बंद पडले तेव्हा त्यांच्या यजमानांनी जुन्या वस्तीतलं घर सोडून बेसाकडे हे दुकान टाकलं. यजमान गेले, मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात लागला, आणि दुकानाची गादी आत्याबाईंकडे आली. माग गेला तरी विणकराची बोटं कुठे जातात? मागावर धागा तुटला की तो असा सांधायचा, की गाठ बोटालाही लागू नये, हे त्या लहानपणी शिकल्या. त्यामुळे तुटलेली वस्तू दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. घरी जेवायला बोलावतात तेव्हा मी कुरकुरणाऱ्या खुर्चीवर बसायचं टाळतो, कारण मी बसलेला असतानाच त्या खाली वाकून तिचा पाय ठोकायला घेतात.

अशा बाईच्या आयुष्यात कायदा आला. भागातल्या हवालदारांनी एकदा सगळ्या दुकानदारांना देवळामागच्या सभागृहात बोलावलं. पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर असल्या उग्र वासाच्या वस्तू पोरं नशेसाठी नेतात, त्यांना त्या देऊ नका. अठराच्या आतल्या मुलाला नशेची वस्तू देणाऱ्याला तुरुंग आहे, दंड आहे. आणि मोठा माणूस आला तरी कशाला पाहिजे ते विचारा, संशय आला तर विकू नका, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, समोसे संपवले, चहा घेतला आणि आपापल्या दुकानी जाऊन होतं तसंच विकायला सुरुवात केली. कायदा मनावर घेतला तो एकट्या आत्याबाईंनी. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणजे मला कायदाही कळत असणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. रविवारी त्यांनी मला पाटवडीच्या रश्श्यावर बोलावलं आणि ताट पुढे ठेवून म्हणाल्या, "जवाईबापू, आधी वाचा. मंग वाढते." मी फोनवर कायदा शोधून मोठ्याने वाचू लागलो. रस्सा थंड होत होता आणि मी कलमं वाचत होतो. अठरा वर्षांचा उल्लेख आला तसं त्यांनी मला थांबवलं.

"हे अठराचं काय आहे?"

"अठराच्या आतल्याला कायद्यानं मूल मानतात, आत्याबाई."

"आणि अठरा पुरले का त्याचं नाक बदलते काय?"

माझ्या ओळखीच्या कुणाचंच नाक वाढदिवसाला बदललेलं नव्हतं. आत्याबाईंनी माझ्या पानात रस्सा वाढला आणि जाहीर केलं, "मंग आपल्या दुकानात वय पाह्यचं नाही. काम पाह्यचं."

दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाला. सोल्युशन पाहिजे? तुटलेली वस्तू घेऊन या. ती बघणार, खरंच तुटली आहे का याची खात्री करणार, आणि मग सोल्युशन द्यायचं नाहीच, स्वतःच काउंटरवर चिकटवून देणार. थिनर पाहिजे? रंग लावायचा दरवाजा दाखवा. पोरांना या वस्तूंच्या जवळही फिरकायची सोय नव्हती, त्यांना त्या चिंचेची गोळी देऊन वाटेला लावत. सोल्युशनच्या ट्यूब त्यांनी यजमानांच्या लोखंडी तिजोरीत ठेवल्या, किल्ली कमरेला लावली, आणि दिवसभराचा गल्ला मात्र बिस्किटांच्या उघड्या डब्यात. टेबलफॅन पाठीशी ठेवून त्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं, म्हणजे वास दुकानात राहू नये. मुलगा सुट्टीच्या दिवशी हे सगळं बघून कपाळाला हात लावायचा. "आई, हे दुकान हाये का ठाणं?" त्या शांतपणे सांगायच्या, "ठाण्यात एवढी विचारपूस कोठी करतात?"

शेजारचा पंक्चरवाला तर पहिल्याच दिवशी अडकला. त्याचा धंदाच सोल्युशनवर, पण आत्याबाईंनी फुटकी ट्यूब बघितल्याशिवाय त्यालाही दिलं नाही. शेवटी तो सकाळी गिऱ्हाइकांच्या फुटक्या ट्यूबा गळ्यात घालून दुकानात यायला लागला. लांबून बघणाऱ्याला वाटे, हा निवडणूक जिंकून आलेला दिसतो. आत्याबाई एकेक ट्यूब कानाशी धरून दाबून बघत, आणि एखादी चांगली निघाली तर म्हणत, "हिला काही झालं नाही. लोकाले लुटू नको." आमच्या शाळेतले एक जुने सर व्हाइटनरचं पेन घ्यायला गेले. त्यांना त्यांनी विचारलं, "चूक कोठी आहे, दाखवा." सरांनी बिचाऱ्यांनी पिशवीतून निकालपत्रक काढून चूक दाखवली. आत्याबाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "एवढीच? काट मारा ना मास्तर. लपवता काहून?" सरांनी तिथेच काट मारली, सही केली आणि पेन्सिल घेऊन परत आले. तेव्हापासून आमच्या शाळेत खाडाखोड लपवायची पद्धत जवळजवळ बंद झाली आहे.

पण त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा प्रसंग मोराचा. वस्तीतल्या एका लग्नात मांडवासाठी थर्माकोलचा मोर केला होता आणि हळदीच्या गडबडीत त्याची मान मोडली. नवरीचे वडील धावत सोल्युशन मागायला आले. आत्याबाई म्हणाल्या, "मोर आणा." नवरीचा बाप रडकुंडीला आला, पण नियम तो नियम. ई-रिक्षातून मोर आला. त्याला धरायला चार पाहुणे आले, आणि पाहुण्यांमागून बॅण्डवालेही आले, कारण त्यांना वाटलं मिरवणूक इथूनच निघणार. आत्याबाईंनी तिजोरी उघडली, सोल्युशन लावलं, आणि बघता बघता मोराची मान विरघळायला लागली. थर्माकोलला सोल्युशन चालत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. आत्याबाईंनी ट्यूब पुन्हा तिजोरीत ठेवली आणि घरात जाऊन गव्हाच्या पिठाची खळ शिजवून आणली. मागावरच्या सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात ती खळ. उरलेली मान त्यांनी खळीने आणि कागदाच्या पट्ट्यांनी बसवली, पण ती सरळ बसेना, मागे वळूनच बसली. लग्नात सगळे म्हणाले, मोर काय सुंदर वळून नवरीकडे पाहतो आहे. आत्याबाई पुढच्या पंगतीत बसून सगळ्यांना सांगत होत्या, "मुद्दाम तसा केला."

या सगळ्या गमतीजमतीत एक माणूस मात्र गमतीने येत नव्हता. त्याचं नाव प्रफुल. पेंटर होता, तिशीच्या आतबाहेरचा, हात इतका सफाईदार की त्याने मारलेल्या रंगावर ब्रशचा माग दिसत नसे. थिनरच्या वासात काम करता करता त्याला त्या वासाची ओढ लागली, आणि मग काम सुटलं तरी वास सुटेना. एकदा झोक जाऊन शिडीवरून पडला, तेव्हापासून ठेकेदाराने त्याला उंचावरचं काम देणं बंद केलं, मग खालचंही. घरात फक्त आई, ती एका मेसमध्ये पोळ्या लाटते. बाकीच्या दुकानांत उधारी थकल्यावर प्रफुल आत्याबाईंच्या दुकानात आला आणि सोल्युशन मागितलं. आत्याबाईंनी त्याचे लाल डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "काय तुटलं?" तो म्हणाला, "काही नाही तुटलं. मी काय पोट्टा हाओ का? अठराच्या वरचा हाओ." आत्याबाई म्हणाल्या, "असशील. तुटलेलं घेऊन ये."

तो सरळ हवालदारांकडे गेला आणि तक्रार केली, की मी कायद्याने मोठा माणूस असून ही बाई मला माल विकत नाही. नशा करणाऱ्याने सोल्युशन मिळत नाही म्हणून पोलिसात केलेली ही बहुधा पहिलीच तक्रार असावी. हवालदार त्याला घेऊन दुकानात आले. मी नेमका तिथे होतो.

"आत्या, कायदा पोरांसाठी हाये. याले ते कलम लागत नाही," हवालदार म्हणाले.

"त्याले नाही लागत. मले लागते," आत्याबाई म्हणाल्या. "भाऊ, तुम्हीच तं सांगतलं होतं, कशाले पाह्यजे ते विचारा, संशय आला तं विकू नका. मी विचारलं. त्याले सांगता नाही आलं. आता तुम्हीच विचारून पाहा."

हवालदारांनी प्रफुलकडे पाहिलं. प्रफुलने जमिनीकडे पाहिलं. हवालदारांनी मग आत्याबाईंच्या हातचा चहा घेतला, आपल्या मोटारसायकलचा तुटलेला आरसा चिकटवून घेतला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रफुल तुटलेली चप्पल घेऊन आला. नियम पाळलेला, म्हणजे आत्याबाईंचाही नाइलाज. त्यांनी त्याला रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसवलं, वास त्याच्याकडे जाऊ नये म्हणून पंखा उलट फिरवला आणि चप्पल स्वतः चिकटवली. "वाळे लोक बस," म्हणाल्या, म्हणजे वाळेपर्यंत बस. वाळायला वेळ लागतो, आणि रिकामा वेळ आत्याबाईंनी कधी वाया घालवलेला नाही. दुकानातूनच ओरडून ओरडून विचारपूस सुरू झाली. आजोळ कोणतं, शाळा का सोडली, पहिलं घर कोणाचं रंगवलं, निळ्यात पांढरा किती घालतोस. रंगाचा विषय निघाला की तो उत्तर द्यायचा, बाकीच्या वेळी मान फिरवून बसायचा. मग पोहे यायचे, वर तर्री. चप्पल वाळायची आणि तो वास न मिळताच घरी जायचा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी घेऊन यायचा, या आशेने की आज तरी बाई ट्यूब हातात देईल. पत्र्याची पेटी आणली, बादली आणली, छत्री आणली, देवाच्या तसबिरीची चौकट आणली. आत्याबाई सगळं चिकटवत गेल्या आणि ड्रमवरच्या गप्पा लांबत गेल्या. कधी कधी तर वस्तू वाळून कडक झाली तरी त्याला उठायचं सुचत नसे.

एक दिवस त्याची आई आली, हातात पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. "आत्या, माह्या पोराले काय केलं वं तुम्ही? घरातलं एकेक सामान दुरुस्त करून आणून राहिला. बापाच्या हाताची पेटी होती, तिचीही कडी बसवून आणली." आत्याबाईंनी डबा घेतला, पोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गुणाचा आहे पोरगा." ती गेल्यावर मात्र त्या बराच वेळ काउंटरवरचा वाळलेला सोल्युशनचा थर नखाने खरवडत बसल्या. मी विचारलं, "आत्याबाई, तिला खरं का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "खोटं काय आहे त्यात? सामान तं दुरुस्तच झालं ना." मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. घरात मोडक्या वस्तू किती असणार, आणि त्या संपल्यावर हा कुठे जाणार, याची त्यांना भीती वाटत होती, आणि ती त्यांनी मला तशीच्या तशी सांगितली. दुसरी दुकानं होतीच की रस्त्यात, रोख पैसे टाकले की काही न विचारता देणारी.

आणि मोडक्या वस्तू खरंच संपल्या. एका सुट्टीच्या दुपारी, मी दुकानात असताना, तो आईची मेसला जायची चप्पल घेऊन आला. आत्याबाईंनी पट्टा हातात धरला, बोट फिरवलं आणि त्यांचं बोट थांबलं. ओढाताणीने तुटलेल्या गोष्टीला दशा सुटतात, हे विणकराच्या पोरीला सांगावं लागत नाही. या पट्ट्याची कड सरळ होती.

"हे तुटलं नाही. कापलं," त्या म्हणाल्या.

प्रफुल म्हणाला, "घरात तुटलेलं काही उरलंच नाही, आत्या."

मला वाटलं आता आत्याबाई त्याला चांगलं फैलावर घेतील. पण त्यांनी चप्पल पिशवीत घातली, तिजोरीला कुलूप लावलं आणि भर दुपारी शटर खाली ओढलं. सणासुदीलाही त्यांनी दुपारी दुकान बंद केल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे शेजारचा पंक्चरवाला कोण वारलं म्हणून धावत आला. आत्याबाईंनी त्यालाच ऑटो आणायला पिटाळलं. मग त्या, मी आणि मध्ये प्रफुल, असे सरकारी दवाखान्याच्या व्यसनमुक्तीच्या खोलीसमोर जाऊन बसलो. मला वाटलं होतं तो मधेच उतरून पळेल. पण आत्याबाईंनी त्याचा हात धरला होता आणि त्याने तो तसाच धरू दिला होता. तो रडत होता, आणि त्या त्याला समोरच्या भिंतीचा रंग कोणत्या गाढवाने निवडला ते विचारत होत्या. रडता रडता तो म्हणाला, "याच्यात पिवळा जास्त झाला." आत डॉक्टरांनी प्रफुलला प्रश्न विचारायच्या आधी आत्याबाईंनी डॉक्टरांचं गाव, आडनाव आणि लग्नाचं काय ते सगळं काढून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, पेशंट कोण आहे?" आत्याबाई म्हणाल्या, "हा आहे. पण कोणाच्या हातात देऊन राहिली ते मले पाहू तं द्या."

त्याला दाखल करून घेतलं, पण उपचाराचे दिवस सोपे गेले नाहीत. एकदा तो तिथून निघून आला आणि आत्याबाईंनी त्याला पोहे खाऊ घालून त्याच ऑटोने परत पोचवलं. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने तो खाप्याला बहिणीकडे गेला. मेव्हण्याची पिठाची गिरणी आहे. तिथे वास असला तर तो ज्वारीच्या गरम पिठाचा. अंगभर पांढरा होऊन तो गिरणी चालवतो, असं त्याची आई सांगते. मध्यंतरी गिरणीची भिंत त्याने चुन्याने रंगवली, त्यात निळीचा असा काही हात दिला की गावातले लोक दळण नसतानाही बघायला आले. ही हकीकत आत्याबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, आणि ती पूर्ण ऐकल्याशिवाय कोणाला खिळेही मिळत नाहीत.

मी परवा संध्याकाळी दुकानात गेलो होतो. गर्दी ओसरली होती. आत्याबाईंची नजर गिऱ्हाइकांवरून सुटून सुटून वळणाकडे जात होती, जिथून प्रफुल काहीतरी मोडकं काखेत मारून यायचा. मी म्हणालो, "आत्याबाई, त्याला एकदा भेटायला बोलवा की. मी आणतो खाप्याहून." त्या पटकन म्हणाल्या, "नको, नको. डॉक्टर म्हणते, वर्सभर तरी या गल्लीत पाय नको ठेवू दे. इथं आला का त्याले सगळंच आठवन." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आठवण तं येते, जवाईबापू. लय बोलायचा हो. पण तो नाही येऊन राहिला, म्हणजे बरा आहे."

दिवे लागले. त्यांनी किल्ली कमरेला खोचली आणि मी शटर ओढायला पुढे झालो, तर म्हणाल्या, "थांबा जरासे." आम्ही दोघे पायरीवर उभे राहिलो. कामावरून परतणाऱ्या मोटारसायकली वळणावरून आल्या आणि पुढे गेल्या. रस्ता रिकामा झाल्यावर आत्याबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि समाधानाने म्हणाल्या, "आजही नाही आला." मग मी शटर ओढलं.